खात्रीची पार्टी

घर विकायला एजंट निवडणं हे जावई निवडण्याइतकं जबाबदारीचं काम आहे, असं मी बायकोला बजावलं आणि तीन एजंटांच्या कसून मुलाखती घेतल्या. तिने तिसरा पसंत केला, कारण त्याने बूट दाराबाहेर काढले होते.

"दोन टक्के," तो म्हणाला. बाकीचे दोघे एकावर तयार होते.

"वरच्या टक्क्यात काय मिळणार?"

"खात्रीची पार्टी, काका. फक्त सोसायटीत बोलू नका. कळलं की भाव पडतो."

आम्ही गप्प राहिलो. बायकोच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नव्हता आणि तळमजल्यावरचं नवं घर या पैशांवर अडलं होतं. रोज चहाला आम्ही पार्टी कोण असेल याचे अंदाज बांधायचो. ती म्हणे बँकवाला; माझा भर डॉक्टरवर होता.

रविवारी बेल वाजली. एजंटने बूट काढले. त्याच्या मागची पार्टी मात्र अनवाणीच आली होती. ते समोरच्या दारातले उपासनी होते.

"अहो, तुम्ही?" बायको म्हणाली. "मग थेट आम्हालाच विचारायचं ना!"

"घर विकताय का, असं शेजाऱ्याला कसं विचारणार, वहिनी? बरं दिसतं का ते?"

चहा निवायच्या आत व्यवहार ठरला. एजंटने दोघांकडूनही दोन-दोन टक्के घेतले.

आमच्या आणि उपासनींच्या दारांमध्ये सहा फुटांचं अंतर आहे.