इतर बेटं

भिंतीवरच्या नकाशात सगळ्या बेटांना रंग लागले, एक सोडून.

उत्तरेची बेटं निळी, मधली हिरवी, दक्षिणेची पिवळी. प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शिकेत एकेका रंगाचं एकेक प्रकरण व्हायचं होतं आणि पुस्तक आजच छापायला जायचं होतं. उरलं होतं ते पार कोपऱ्यातलं, वाटाण्याएवढं. रंगीत टिकल्यांचा कागद हातात धरून ती मघापासून त्याच्यासमोर उभी होती.

"बोटीप्रमाणे लावा," साहेब खुर्चीतूनच म्हणाले. पहिल्या दिवसापासून त्यांचं हेच सांगणं होतं. दोन बेटं एकमेकांना अगदी खेटून असली, तरी त्यांच्या बोटी वेगळ्या बंदरांतून सुटत असतील, तर त्यांची प्रकरणंही वेगळी. सरळ अंतर पक्ष्यांनी बघावं, माणसानं बोट बघावी.

"आणि बोटच बंद झाली असेल तर?"

"मग 'इतर बेटं'. एवढा काय विचार करताय?"

'इतर बेटं' म्हणजे शेवटचं पान. बारीक अक्षरात नाव आणि दीड ओळ. बाकीच्या बेटांवर ऑफिसातून दर दोन-तीन महिन्यांनी चौकशीचा फोन जायचा: बोट येते का, खोली मिळते का, पाणी आहे का. शेवटच्या पानावरच्यांना फोन नसे. जिथं कोणी जाणारच नाही, तिथलं विचारायचं काय? आणि तिकडचा फोन इतका महाग, की ऑफिसच्या कामाशिवाय लावायची सोय नव्हती.

विचारून खात्री करते, असं म्हणून तिनं फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. नेहमीसारखा.

"जेवलीस का? पोरीचा खोकला गेला?"

त्या बेटावर दोन खोल्या भाड्यानं देणारी एक म्हातारी बाई होती. ही तिला मावशी म्हणायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. आवाज इतक्या लांबून यायचा, की आपलं बोलून झालं की श्वासभर थांबावं लागे, नाहीतर वाक्यावर वाक्य आपटायचं. सुरुवातीला आपटलीही होती. आता दोघींना थांबणं जमलं होतं. खोकल्याचं तिनं मागच्या खेपेला, फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं. सांगितल्याचं तिच्याही लक्षात नव्हतं.

खोकला गेला, ती म्हणाली. जेवायचं आहे अजून. मग बोटीचं विचारलं.

बोट नाहीच गं आता, मावशी म्हणाली. निम्मी घरं कुलपात, यायचं कोणासाठी? कधीतरी एखादा मासेवाला येतो, त्याला लहर आली तर.

साहेबांकडे पाठ करून तिनं आवाज उतरवला. "वर्षाकाठी एखादी फेरी तरी होत असेल ना, मावशी? एखादी असली तरी चालेल."

या वेळी थांबणं जरा लांबलं.

"लबाडी शिकवतेस होय गं मला? उद्या पुस्तक वाचून कोणी आला आणि अडकला, तर त्याला जन्मभर जेवायला मी घालू?" मग जरा वेळानं, "तसा अडकला एखादा, तर माझी काही हरकत नाही म्हणा."

दोघी हसल्या. हसूही एकीचं दुसरीला उशिरा पोचलं.

त्यातल्या त्यात उत्तरवाल्यांत टाक, मावशीनं सुचवलं. मागच्या दारात उभं राहिलं की त्यांच्याकडचा दिवा दिसतो. कोणीतरी लावतं रोज.

तिनं फोनवर हात ठेवून साहेबांना तेवढं सांगून पाहिलं.

"आमच्या गच्चीतून विमानं दिसतात," साहेब म्हणाले. "म्हणून मी पायलट झालो का?" मग तिचा चेहरा बघून जरा मऊ झाले. "अहो, दिवा दिसतो म्हणून माणूस पोचत नाही."

खरं होतं ते. तिच्या डोळ्यांसमोर उत्तरेच्या बंदरावर सामान घेऊन ताटकळणारं एखादं कुटुंब आलं, कडेवरचं पोर रडणारं. तिनं हात काढला आणि मावशीला शेवटच्या पानाचं सांगितलं.

"म्हणजे आता चौकशीचा फोन नाही."

"नाही."



"बरं. जेवून घे आधी. अंगावर पितं ना लेकरू अजून."

पाळणाघरात ती पोचली तेव्हा बाकीची पोरं कधीच गेली होती. चिमी उंबऱ्यावर बसून होती, बूट उलटे घालून तयार. पाळणाघरातल्या ताई दाराला कडी घालायला थांबल्या होत्या.

"चिमीची आई, पंधरा दिवस तुमचं 'उद्या सांगते' चाललंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठं अडकायला झालं, काही झालं, तर आम्ही फोन कोणाला करायचा? जवळचं कोणीतरी सांगा की."

ती चिमीसमोर उकिडवी बसली आणि बूट काढू लागली. मग न अडखळता तिनं एक नंबर सांगितला. ताई मोबाईलवर आकडे दाबत होत्या, ते संपेचनात.

"केवढा हा नंबर. कोण तुमच्या?"

"मावशी."

"राहतात कुठं? वेळेला येतील ना पोरीला न्यायला?"

तिनं एक बूट सुलटा घातला, बंद घट्ट केला.

"यायला बोट नाही," ती म्हणाली. "पण फोन पहिल्या घंटेला उचलतात. आपलं बोलून झालं की जरा थांबायचं फक्त."