पलीकडची उतरण

थोरल्या टेकडीची चढण सुरू झाली तसे नाना मागे राहिले.

"तू फुडं चल," एवढेच ते म्हणाले. वडिलांकडे पाठ करून चालण्याची स्वरूपाला जन्मात प्रथमच भीती वाटली.

काल बंद दाराआडून तिने सारे ऐकले होते. दोन आठवड्यांपूर्वी तिने पुण्यात दीपकशी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. दीपक जातीबाहेरचा. तिच्या चुलतभावाने, युवराजने, ही बातमी घरी पोहोचवली आणि ती सुट्टीला गावी आल्या दिवसापासून तिचा मोबाइल थोरल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, खिशात गेला. कालच्या बैठकीत तात्या नानांना म्हणाले होते, "गोकुळ, तुला जमायचं न्हाय. मी आन् युवराज बघतो." त्यावर नानांचा आवाज आला होता, "तिला कुणी हात लावायचा न्हाय. माझी पोर हाय. काय ते मीच संपवतो." मग कोणी काही बोलले नाही. आईसुद्धा.

सकाळी युवराजने दोघांना जीपमधून जंगलाच्या फाटकाशी सोडले. तो तिथेच थांबला. परतीची वाट त्याच्यापाशीच जाणार होती.

अंथुर्णे गावाच्या अलीकडे पसरलेले वनखात्याचे हे राखीव रान फारसे दाट नव्हते. खैर, हिवर, बोरी आणि मध्येच लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या रांगा. त्यांतून थोरली टेकडी आणि तिच्यामागे धाकटी. लहानपणी नानांच्या खांद्यावर बसून ती इथे हरणे पाहायला येत असे. आज तिला मागून फक्त त्यांच्या वहाणांची करकर ऐकू येत होती. ती थांबली की करकर थांबे. ती चालू लागली की पुन्हा सुरू होई.

माथ्याजवळ बारामतीचे रविवारचे फिरस्ते भेटले. टोप्या, काठ्या, पाण्याच्या बाटल्या. त्यांतला एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत हसला.

"काय राव, बिबट्या हाय म्हणत्यात हितं, आन् तुमी पोरीला फुडं घातलंय व्हय?"

"तिला मागं ठिवली तर घरला पळंल," नाना म्हणाले.

सगळे हसले. ओरडावे, यांच्यातल्या एखाद्या बाईचा हात धरावा, असे स्वरूपाला वाटले. पण ही माणसे फार तर तिला फाटकापर्यंत नेतील, आणि फाटकात युवराज होता. शिवाय काय म्हणून ओरडायचे? हे माझे वडील आहेत, हे मला मारणार आहेत? ती दोन वाक्ये एका श्वासात तिला जुळवताच येईनात. फिरस्ते वळणाआड गेले. त्यांचे हसणे पुष्कळ वेळ ऐकू येत राहिले आणि मग तेही विरले.

धाकट्या टेकडीच्या माथ्यावर झाडे संपली. पुढे मुरमाची जुनी खाण होती. तिचा कडा सरळ तुटलेला, आणि खाली पावसाळ्यापासून साठलेले हिरवे, निश्चल पाणी. गावातली जनावरे त्यात बुडाली होती. तळ कोणालाच ठाऊक नव्हता.

"चपला काढ," नाना म्हणाले.

तिने काढल्या.

"ओढणी दे."

तिला ओढणीची गाठ सुटेना. नानांनीच ती सोडवली.

"नाना," ती म्हणाली, "दीपकला काय करू नका. मला काय करायचं ते करा."

नाना कड्यापाशी गेले. तिच्या चपला त्यांनी अगदी काठावर ठेवल्या. एक सरळ, एक कलंडलेली. ओढणी त्यांनी कड्याखालच्या बाभळीवर अडकेल अशी भिरकावली. दोन पावले मागे येऊन, बांधाची ओळ तपासावी तसे त्यांनी ते सारे निरखून पाहिले. मग ते खाली बसले आणि आपल्या पायांतल्या वहाणा काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवल्या.

"घाल. पलीकडच्या उतरणीला काटं लई हायत. खाली डांबरी रस्त्याला दीपक गाडी घिऊन उभा हाय. काल बाजाराचं निमित्त करून त्याला गाठला मी."

स्वरूपाला ऐकू आले, पण उमजले नाही. ती जागची हलली नाही.

"अगं, बघत काय ऱ्हायलीस? जित्या पोरीच्या मागं तात्या पार मुंबईपतुर जाईल. मेलेलीच्या मागं कोण जातंय? चार दिस पाणी ढवळत बसतील. परत हिकडं यायचं न्हाय. फोन न्हाय, चिठ्ठी न्हाय. आजपासनं घरात तुझं सुतक."

तिने वहाणांत पाय घातले. त्या फार मोठ्या होत्या आणि आतून अजून उबदार होत्या. नानांच्या पायांना मिठी मारायला ती वाकली, तर त्यांनी तिचे दंड धरून तिला उतरणीकडे वळवले. तिथून तिला खालचा रस्ता दिसला आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूसही. तेवढ्यात तिला घर आठवले.

"आईला तरी खरं सांगा, नाना."

"न्हाय. तिला खोटं रडाया येत न्हाय. तात्या लगीच वळखंल."

"आन् तुमाला येतंय?"

नानांनी डोक्यावरच्या टोपीनेच तोंड पुसले.

"मला कशाला खोटं रडाया लागतंय, बाळा?"