दाराजवळचा खांब

अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं तयार घर गिऱ्हाइकाकडे धाडण्याआधी लक्ष्मीकांत आतून एकेक खांब बोटांनी वाजवत. बाहेरून त्यांची मुलगी सीमंतिनी तसंच वाजवून उत्तर देई, मग ते पुढच्या खांबाकडे सरकत. दाराजवळच्या शेवटच्या खांबाला उत्तर मिळालं की हसत बाहेर येत.

त्यांना जाऊन सोळा दिवस झाले होते. त्यांच्या हातचं शेवटचं घर आज दुपारी माधवगंजला जायचं होतं.

आतून टकटक झाली. सीमंतिनीच्या हाताने सवयीने उत्तर दिलं, आणि मग ती दचकली.

"अंबरीश, आत कोण आहे रे?"

"कोणी नाही, ताई. ताला मीच लावलाय, चाबी तुझ्याच हातात आहे," धाकटा भाऊ ट्रकवरून ओरडला. "या उन्हात आत भूतसुद्धा टिकणार नाही!"

पुढचा खांब वाजला. उत्तर न देणं तिला जमलं नाही. मग त्याच्या पुढचा.

सोळा दिवस तिने हेच मागितलं होतं. आता मात्र तिने दाराचा ताला ओढून पाहिला.

दाराजवळचा खांब वाजला. तिने दोन्ही हात ओढणीत घट्ट गुंडाळले. उत्तर द्यायचं नाही.

अंबरीश दूर ट्रकवर दोर बांधत होता.

तिच्या अगदी कानाशी, बाहेरच्या बाजूने, खांबावर टकटक झाली.