ठेवणीतली डिस्क

"दुसरी डिस्क कुठंय, आई?" सर्व्हरचा रिकामा खण बघून मृणालच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा गेल्यावर त्यांचे व्हिडिओ जपायला तिने हा जुना सर्व्हर घेतला होता, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या होत्या. दोन्हींवर तेच साठवलं, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. काल व्होल्टेज वाढलं आणि सर्व्हर आतल्या डिस्कसकट जळाला.

"मी काढून ठेवली," आई म्हणाली. "दोन्हींत एकच होतं ना? मग नवीकोरी वस्तू उगाच कशाला झिजवायची?"

"पाहुण्यांचे कप आहेत का ते, कपाटात ठेवायला?"

आईने टॉवेलांच्या घडीतून डिस्क काढून तिच्यापुढे धरली. "आत असती तर हीपण जळाली असती."

ते खरंच होतं, म्हणून तर मृणालला जास्तच राग आला. धुसफुसतच तिने डिस्क लॅपटॉपला जोडली.

पडद्यावर बाबा जेवायच्या टेबलाशी बसले होते. "अगं, ते नवे कप काढ की. कुणासाठी जपून ठेवलेस?"

"अजून तेच तुणतुणं," आई फणकारली आणि नवे कप काढायला उठली.