गुरुवारचा तास

"काल गुरुवारी त्यांनी तास घेतला. मी स्वतः पाहिलं," प्राध्यापक व्होकलँ म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

"मी तर भिंतीपलीकडून ऐकला," लफ्लो म्हणाला. "मोबूर्ग सरांचा आवाज म्हणजे काय, भिंत हलायची."

"आणि तासानंतर माझ्याबरोबर कॉफी प्यायले," इतिहास विभागाच्या प्रमुख ओदील ग्रांव्हो म्हणाल्या. "साखर नको म्हणाले. तब्येतीला जपायचे बिचारे."

कॅप्टन बेलहाजनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. पोलिसातली ही ठेंगणी बाई सकाळपासून कुणावर आवाज चढवत नव्हती. आताही तिने चढवला नाही.

"कमाल आहे. डॉक्टर म्हणतात, मोबूर्ग मंगळवारी रात्रीच गेले. म्हणजे मेलेला माणूस काल भिंत हलवून गेला. वर कॉफीही प्यायला. बिनसाखरेची."

शिक्षकांच्या खोलीत तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मोबूर्ग आज सकाळी विद्यापीठातल्या आपल्याच बंद खोलीत सापडले होते. डोक्यात कुणीतरी विद्यापीठाच्या संस्थापकाचा पितळी पुतळा घातला होता. वास कालपासूनच येत होता. पण सर घरी पॅरिसला न्यायला इथलं चीज घेऊन ठेवायचे. सगळ्यांनी चीजला शिव्या घातल्या आणि खिडक्या उघडल्या.

खुनासाठी खोटं बोलावं लागतं असं थोडंच आहे? इथे सवयीने बोलत. अर्धा विभाग पॅरिसला राहायचा. मंगळवारच्या गाडीने यायचं, बुधवारच्या गाडीने पळायचं, आणि मागे कुणी विचारलंच तर बाकीच्यांनी छातीवर हात ठेवून सांगायचं, होते की, आत्ता तर इथे होते. पगार पूर्ण, माणूस अर्धा. काल झाकलं तसंच आजही झाकलं. झाकलेला माणूस मेलेला निघाला, एवढाच फरक.

खिडकीशी सोलेन जाकमार उभी होती. तासावारी राबणारी, कायम न झालेली शिक्षिका ती. हे सगळे गाडीत बसले की त्यांचे वर्ग तीच सांभाळायची. आज दुपारी तिच्या कायमच्या जागेसाठी निवड समिती बसणार होती. समितीत हीच मंडळी. मोबूर्गही होते. अध्यक्ष ओदील.

"मग काल वर्गात कोण होतं?" कॅप्टननी विचारलं.

व्होकलँ कपात पाहू लागले. लफ्लोला एकाएकी बुटाची लेस बांधायची आठवण झाली. या विभागात एवढी एकच गोष्ट बाहेर बोलायची नसे. जो बोलला तो संपला.

"मी होते," सोलेन म्हणाली.

भर चर्चमध्ये कुणी शिवी हासडावी तसे व्होकलँ दचकले.

"सरांनी सांगितलं होतं?"

"नेहमी सरच सांगतात. पण या वेळी..."

आणि ती थांबली. मंगळवारी दुपारी सर तिला जिन्यात भेटले होते. शुक्रवारी समिती आहे, मी या आठवड्यात पॅरिसला परत जात नाही, गुरुवारचा तास मीच घेईन, असं म्हणाले होते. आणि त्याच रात्री, ग्रंथालय बंद होताना, ओदील तिच्या टेबलाशी आल्या. गुरुवारी मोबूर्गचा तास तू घे हं, पोरी. सर शब्द फिरवणारच, त्यात नवल काय, म्हणून सोलेनने काही विचारलंही नव्हतं.

तिने ओदीलकडे पाहिलं. या अख्ख्या इमारतीत 'जेवलीस का' म्हणून विचारणारी हीच एक बाई.

"नीट आठवून बोल, पोरी," ओदील हळूच म्हणाल्या. "दुपार काही लांब नाही."

सोलेनने हिशेब केला. गप्प बसलं की जागा आपली. तोंड उघडायचं नाही, बस्स.

"ओदील मॅडमनी सांगितलं," ती म्हणाली. "मंगळवारी रात्री. आणि सर त्याच दुपारी मला म्हणाले होते, तास मीच घेणार."

कॅप्टन वळल्या. "मॅडम, ते गुरुवारी वर्गावर येणार नाहीत हे मंगळवारी रात्री तुम्हाला कसं कळलं?"

ओदीलनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सोलेनकडेच पाहत राहिल्या.

"मूर्ख कार्टे! तुझी जागा तो पॅरिसच्या आपल्या चेल्याला देऊन बसला होता. हसत हसत सांगत होता मला. कुणासाठी भांडले मी त्याच्याशी?"

कॅप्टननी ओदीलच्या दंडाला हात लावला. दारापर्यंत जाताना ओदीलनी गळ्यातला रेशमी रुमाल सारखा केला. मग दार लागलं.

रडलं कुणीच नाही. मग व्होकलँनी घड्याळात पाहिलं.

"ओदीलचा तास सुरू व्हायचाय. मुलं येऊन बसली असतील."

"आता कसला तास?" लफ्लो म्हणाला.

"बाहेर पत्रकार जमलेत. वर्ग रिकामा दिसला तर काय लिहितील?"

दोघांनी सोलेनकडे पाहिलं.

"आणि माझी समिती?" तिने विचारलं.

"ते बघू गं पुढे. आता अध्यक्षच नाही म्हटल्यावर..." ओदीलच्या टेबलावर राहिलेली वर्गाची किल्ली उचलून व्होकलँनी तिच्यापुढे धरली. "आजच्यापुरता घे. तुला सवय आहे."

सोलेनला ओरडायचं होतं. तोंडावर थुंकायचं होतं. तिने खाली पाहिलं, तर तिचा हात पुढे झाला होता.