एकतीस पेल्या

कोकिळानं पेल्या मांडल्या, फडक्यानं पुसल्या, पुन्हा मांडल्या. अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्या. सहा वर्षं चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, रविवारी हे काम तिच्याकडंच होतं. द्राक्षरस भरायचा, सगळ्यांचं झालं की धुवायचं. पेल्यांचं ताट तिच्यापुढं आलं की ती ते तसंच शेजारणीकडं सरकवायची. तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता.

मागच्या रविवारी तापीत तो झाला. आज ती पहिल्यांदा पिणार होती.

जीव थाऱ्यावर नव्हता. काल तिच्या गावात, दापोऱ्यात, मारुतीच्या भंडाऱ्याचं बोलावणं घरोघरी फिरलं, तिचं, पाटलाच्या घराचं, दार तेवढं सोडून. ती उंबऱ्यात उभी होती, तरी. सकाळी बुरहानपूरला येताना रिक्षात गावातल्या दोघी होत्या. त्या सारा रस्ता बाहेरच बघत आल्या.

नेहमीसारखी तिनं सतरंजीवरची डोकी मोजली, तेवढ्या पेल्या भरल्या. बाटली संपली. मग ती दारापाशी जाऊन बसली.

"आज तरी पुढं बस वं," धुरपदाबाई म्हणाली. मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, जिभेनं तिखट. "सहा वर्षं चपला राखल्या, पुरे झालं."

"मी इथंच बरी, मावशी."

"बरी कसली? दारातली मांजर." म्हातारी कुरकुरत तिच्याच शेजारी टेकली.

पाळक निरंजन यांनी भाकर मोडली. तुकडा सगळ्यांना मिळाला, तिलाही. सगळ्यांबरोबर तोंडात टाकेपर्यंत तिच्या घामेजल्या तळहातावर तो ओला होत गेला. मग पेल्यांचं ताट पुढून मागं हातोहात निघालं. चुडामणभाऊंनी घेतली, जयश्रीनं घेतली, धुरपदाबाईनं घेतली. कोकिळाच्या मांडीवर ताट आलं ते रिकामं.

आधी तिला वाटलं, कोणी दोन उचलल्या. मग तिनं सगळीकडं पाहिलं. सगळ्यांच्या हातात पेल्या होत्या आणि कोणी पीत नव्हतं. पाळक तिच्याकडं बघत थांबले होते.

"किती भरल्या?" धुरपदाबाई कुजबुजली.

"एकतीस."

"माणसं?"

"एकतीसच. मी पक्की मोजली."

"आन् तू कोण? पाहुणी?"

 रिकामं ताट घेऊन कोकिळा उठायला लागली. म्हातारीनं पदर ओढून तिला खाली बसवलं.

"पाळकसाहेब, होऊन जाऊ द्या," ती मोठ्यानं म्हणाली.

सगळे प्याले. धुरपदाबाईनं अर्धाच घोट घेतला आणि पेली पुढं धरली.

"उष्टं चालंल ना, पाटलीणबाई?"

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या ताटाशिवाय कोणाचं उष्टं कोकिळानं तोंडाला लावलं नव्हतं. पेलीच्या कडेला म्हातारीच्या ओठांचा ओला ठसा होता. तिनं तिथंच ओठ टेकवले.

नंतर मागच्या नळावर ती धुवत होती, धुरपदाबाई पेल्या पालथ्या घालत मोजत होती.

"तीस. एकतीस." म्हातारीचा हात बत्तिसावीसाठी तसाच पुढं राहिला.

कोकिळानं पेल्यांच्या खोक्यातून कागदात गुंडाळलेली एक पेली काढली. कोरी होती, धुवायची गरज नव्हती. तरी तिनं ती धुतली.