खजूरचं माप

वासंतीबाईंनी टेप छातीखालून घेतली आणि कुत्र्याने आपणहून उजवा पाय उचलला. टेप नीट बसेपर्यंत तो तीन पायांवर तसाच उभा राहिला. मग कुणी न सांगता त्याने डावा पाय उचलला.

वासंतीबाई थांबल्या. कोपरीतल्या आपल्या दुकानात त्या तीस वर्षं ब्लाऊज शिवत होत्या. माप देताना अंग चोरणाऱ्या, खिदळणाऱ्या, श्वास रोखून पोट आत घेणाऱ्या बायका त्यांनी रोज पाहिलेल्या. इतक्या शहाण्यासारखं माप कुणी दिलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"नीरजा, याचं माप आधी कुणीतरी घेतलंय," त्या म्हणाल्या. "एकदा नव्हे, पुष्कळदा."

नीरजा हसली, पण ते हसू टिकलं नाही. हा कुत्रा, तिचा खजूर, तिला दिवाळीत सापडलेला. वागळे इस्टेटमधल्या तिच्या ऑफिसच्या गेटसमोर, फटाक्यांना भिऊन एका टेम्पोखाली शिरून बसलेला. तिने त्याला घरी आणलं, आंघोळ घातली. तेव्हाच मानेभोवतीचे केस पट्ट्याने झिजलेले तिला दिसलेले. ते तिने कुणालाच सांगितलं नाही. रस्त्यावरचा आहे, असंच ती सगळ्यांना सांगत आली. एकटीच्या घरात संध्याकाळी दाराशी कुणीतरी वाट बघत असतं, याची तिला पंधरा दिवसांतच सवय झाली होती. आता तर आठ महिने होत आलेले.

या पावसात भिजून भिजून त्याच्या पोटावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी अंग कोरडं ठेवायला सांगितलं. ऑनलाइन मागवलेले दोन्ही रेनकोट छातीत घट्ट आणि पोटाशी ढगळ निघाले, म्हणून ती त्याला इथे घेऊन आलेली. काम एवढंच होतं. पण वासंतीबाईंना आता चैन पडेना. कुत्र्याला दरवर्षी मापाचं शिवणारं कोण असेल, हे त्या स्वतःलाच विचारत राहिल्या. वागळे इस्टेटमध्ये रेनकोट शिवणारे कारखाने आहेत, तिथे चौकशी कर, असं त्यांनी सुचवलं. नीरजाने बरं म्हटलं आणि चौकशी करायची नाही, असं मनाशी ठरवलं.

चार दिवस तिने ते पाळलं. पण रोज घरी आल्यावर ती ड्रॉवरमधली टेप काढून बघायची. टेप दिसली की खजूर येऊन समोर ताठ उभा राहायचा. आधी उजवा पाय, मग डावा. हे त्याला शिकवायला किती दिवस लागले असतील? शिकवणारा रागावत असेल का त्याच्यावर? पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती निघालीच.

तिसऱ्या कारखान्यात मशीनवरच्या एका बाईने फोनमधला फोटो बघितला आणि पाय थांबवला.

"हा तर मास्तरांचा बॉबिन," ती म्हणाली.

हरिहर मास्तर तिथे कटिंग करायचे आणि मागच्या खोलीत राहायचे. दर पावसाळ्याआधी उरल्यासुरल्या कापडातून बॉबिनला नवा रेनकोट बेतायचे. दिवाळीच्या तोंडावर ते जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलगी त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. बॉबिनला कारखान्यातली माणसं खायला घालत होती. फटाके सुरू झाले तसा तो पळाला. मास्तर अजून दर आठवड्याला फोन करून त्याची चौकशी करतात, असंही त्या बाईने सांगितलं आणि मुलीचा पत्ता दिला.

रविवारी नीरजाने त्याचं भांडं, चादर आणि पुरळाचं मलम एका पिशवीत भरलं, त्याला रिक्षात बसवलं आणि डोंबिवली गाठली. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो तिच्यामागून चालत होता. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर त्याने हवा हुंगली, आणि मग तिला पट्टा सोडून द्यावा लागला.

ती दारात पोचली तेव्हा तो कॉटवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीत तोंड खुपसून कुईंकुईं करत होता. कॉटला टेकून वॉकर उभा होता. मास्तरांचा हात कुत्र्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून सावकाश फिरत होता.

नीरजाने आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं. "पट्ट्याची खूण मला पहिल्याच दिवशी दिसलेली. मी तुम्हाला शोधलं नाही."

मास्तरांनी मान वर केली नाही. हा काय खातो, दिवसा याच्याजवळ कोण असतं, पुरळ कशाने उठलं, एवढंच त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. शेजारच्या काकू दुपारी त्याला फिरवतात, हे सांगितलं; कोपरीच्या वासंतीबाई रेनकोट शिवायला घेणार होत्या, तेही सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी मुलीला टेप आणायला सांगितलं.

टेप आली. कुत्रा उभा राहिला. मास्तरांनी गळ्याचं माप घेतलं, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीचं घेतलं. छातीचं दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घेतल्यावर ते थोडा वेळ टेपकडेच बघत बसले. मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलने एकेक आकडा लिहू लागले.

यंदाचा रेनकोट आता तेच बेतणार, असं नीरजाला वाटलं. तिने पिशवी आवाज न करता दाराशी ठेवली. खजूरला हाक मारायचं तिने टाळलं. ती वळून चपला घालू लागली, तेव्हा मास्तरांनी तिला थांबायला सांगितलं. पान व्यवस्थित फाडून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"हे तुमच्या वासंतीबाईंना द्या," ते म्हणाले. "छातीला दीड इंच सैल ठेवायला सांगा. तुमच्याकडे अजून भरेल तो."